पहिल्या धुलाईचं पाणी

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात नीराबाईच्या हाताचं नाव होतं. कोलंबीची टोपली पुढ्यात घेऊन बसली, की शेजारणीची अर्धी होईस्तोवर हिची रिकामी. डोकं पिरगळायचं, पोटाकडून साल उचकटायची, शेपटीला एक चिमटा; सोललेला सोडा परातीत आणि साल पायाशी. नजर भलतीकडे, तोंड गप्पांत, हात आपले चालू. नवरा काविळीनं गेला तेव्हा मुलगा विनेश तीन वर्षांचा होता. त्याला तिनं सोडे वाळवून, विकून वाढवलं. दहावीला बसल्या बसल्याच तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला, तेव्हा दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याचा डबा बांधून दिला.

सालांचं कुणी काही मनावर घेत नसे. थोडी माडांच्या मुळाशी जात, बाकीची खाडीत. मग खाडीच्या वरच्या अंगाला, पूर्वी भात पिकायचं तिथे, पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली आणि एक टेंपो दारोदार फिरून सालं गोळा करू लागला. बायका हसल्या. "आता म्हावऱ्याचे काटेबी नेतील," म्हणाल्या. कंपनीचं नाव इंग्रजी आणि लांब होतं. गावात सगळे 'सालांची कंपनी' म्हणू लागले.

नीराबाई तिथे कामाला लागली त्याला आता सहा वर्षं होतील. पन्नाशी उलटलेली, उकिडवं बसून बसून गुडघे गेलेले. उभ्यानं काम आहे म्हटल्यावर तिला बरंच वाटलं.

काम समजायला सोपं होतं. वाळलेली सालं आधी पातळ अ‍ॅसिडात टाकायची. मडक्यात ताडी फसफसावी तशी ती फसफसत, आणि सालातला चुना निघून जाई. मग ती धुऊन कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सोडायची, म्हणजे चिकटलेलं मांस आणि रंग सुटे. मागे उरे तो पांढुरका, हलका, कागदासारखा भुसा. तो पुन्हा मोठ्या टाकीत, या वेळी भयंकर कडक कॉस्टिकमध्ये, चार-पाच तास उकळायचा. टाकीच्या खालच्या पाइपातून सगळं जाळीवर सोडायचं आणि मग धुवायचं. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. कॉस्टिकचा अंश संपेपर्यंत.

हे शेवटचं धुणं नीराबाईकडे होतं. बायका एकेका टाकीच्या मालाला 'घाणा' म्हणत, भज्यांच्या घाण्यासारखा. घाणा धुऊन झाला की नाही, हे प्रयोगशाळेतली मृणाली कागदाची पट्टी बुडवून बघे. पट्टी गर्द निळी झाली, की अजून धुवा. मृणाली चौलची, बीएस्सी झालेली, चष्मेवाली. पण महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की नीराबाई पट्टीच्या आधीच सांगते. पाणी अंगठा आणि तर्जनीत चोळायची, बुळबुळीत लागलं की म्हणायची, "अजून एक पाणी." तिचं कधी चुकत नसे. पुढे मृणालीनं धुलाईचं सगळं तिच्यावरच सोडलं.

हातमोजे होते. ते दोन आठवड्यांत फाटत आणि नवे दोन महिन्यांनी येत. मध्ये उघड्या हातांनी चाले. आधी बोटांची टोकं गुळगुळीत झाली, मग पांढरी पडली, मग चिरा गेल्या. रात्री खोबरेल लावून ती हात उशीखाली ठेवी.

कंपनीत हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर होती. वर्षभरानं यंत्रानं नीराबाईचा अंगठा घेणं सोडलं. हिरव्या दिव्याऐवजी लाल दिवा लागे आणि आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोले. सुपरवायझर निकेत, पेणकडचा, बोलायला गोड, म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ. तुमचं नाव मी डायरीत लिहीन." आणि तो लिहीत असे. रेशनच्या दुकानातही तेच झालं. दुकानदारानं तिचा अंगठा फडक्यानं पुसला, मग स्वतःच्या शर्टाला पुसला, आणि शेवटी म्हणाला, "बाई, अंगठा झिजवलास कुठे?" लोक हसले. तीही हसली.

विनेशचं लग्न झालं, किशोरी घरात आली. ती मुरुडजवळची, बारावी झालेली, चटपटीत. मासळी बाजारात बसायचं तिला नको होतं. सासूचं काम बघायला म्हणून एकदा कंपनीत आली आणि प्रयोगशाळेच्या दाराशीच अडकली. मृणालीनं व्हिनेगरसारख्या पातळ आम्लात धुऊन वाळवलेल्या मालाची थोडी पूड विरघळवली होती आणि तो पाक काचेवर पसरून ठेवला होता. वाळल्यावर तिनं नखानं कोपरा उचलला आणि काचेवरून एक पारदर्शक पापुद्रा अलगद सुटून आला.

"हे प्लॅस्टिक हाय?" किशोरीनं विचारलं.

"प्लॅस्टिकसारखं. पण मातीत पुरलंस तर काही महिन्यांत माती होतं. याला कायटोसन म्हणतात. हे जखमेवरच्या पट्टीत घालतात, रक्त थांबतं. आंब्यावर फवारलं तर आंबा जास्त टिकतो. गढूळ पाणी निवळायलाही वापरतात."

"आणि येवढं सगळं कोलंबीच्या सालातून?"

"कोलंबीच्या सालातून."

किशोरीनं तो पापुद्रा घरी आणला, खिडकीला लावला आणि विनेशला त्यातून समुद्र दाखवला. पंधरा दिवसांनी ती कंपनीत रुजू झाली. आधी टाकीवर काम कर, हात बसला की तुला प्रयोगशाळेत मदतीला घेते, असं मृणालीनं तिला सांगितलं होतं. नीराबाईनंच निकेतकडे शब्द टाकला होता. ही गोष्ट नंतर कुणी तिला ऐकवली नाही. तिनं मात्र स्वतःला रोज ऐकवली.

ते झालं एका मंगळवारी, मार्च महिन्यात, दुपारच्या जेवणाआधी.

मोठ्या टाकीचा खालचा पाइप तीन आठवडे गळत होता. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. नीराबाईनं निकेतला दोनदा सांगितलं होतं, किशोरीनं एकदा. पार्ट मागवलाय, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी घाणा सोडायला घेतला आणि पाइपात माल अडकला. असं झालं की खालून लाकडी दांड्यानं पाइप ठोकायचा, माल सुटायचा. सगळेच तसं करत. किशोरीनं दांडा घेतला. डोळ्यांवर लावायचे दोन चष्मे खिळ्याला टांगलेले होते, पण ते इतके खरवडलेले होते की वाफेत समोरचा माणूस दिसत नसे. तिनं लावला नाही. कुणीच लावत नसे.

तिसऱ्या ठोक्याला ट्यूबची पट्टी सुटली.

नीराबाई चार पावलांवर धुलाईच्या हौदाशी होती. तिला आधी आवाज आला, कुणी कापड टरकावावं तसा, आणि मग किशोरीचा आवाज. ती वळली तेव्हा पोरगी दोन्ही हात तोंडावर घेऊन गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिच्या मानेवरून वाफ निघत होती.

भिंतीवर डोळे धुवायचं हिरवं भांडं बसवलेलं होतं, वर चित्र काढलेलं. त्याला पाण्याची जोडणी नव्हती. तपासणीला माणसं येणार म्हणून ते लावलं होतं आणि तसंच राहिलं होतं. चांगल्या पाण्याचा नळ अंगणापलीकडे संडासात. नीराबाईनं यातलं काही मनात आणलं नाही. तिनं सुनेला काखेत धरून ओढलं आणि समोरच्या हौदात तिचं तोंड बुडवलं. मग डबडं घेऊन डोळ्यांवर पाणी मारत राहिली.

"आई, नको! आई, भाजतंय!"

"धू, बाय, धू! डोले उघड, डोले उघड गो!"

किशोरी तोंड फिरवायला बघत होती. नीराबाईनं तिची मान धरली, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि पाणी मारलं. किती वेळ, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मृणाली धावत आली, हौदाकडे बघितलं, खाली साचलेला भुसा बघितला, आणि किंचाळली, "नीराबाई, काय करताय! हे पहिल्या धुलाईचं पाणी आहे!"

हौदात सकाळचा घाणा होता. पहिलंच पाणी, कॉस्टिकनं भरलेलं. ज्या बोटांनी तिनं हजार वेळा पाणी चोळून बघितलं होतं, त्या बोटांनी त्या वेळी बघितलं नाही.

मग दोघींनी मिळून किशोरीला अंगणापलीकडे नेलं आणि नळाखाली धरलं.

अलिबागला एक रात्र, मग मुंबई. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण आवाज शांत. त्यांनी सांगितलं, अ‍ॅसिड वरवर जाळतं आणि थांबतं. कॉस्टिक थांबत नाही, आत आत शिरत राहतं. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "डोळे पाण्यानं धुतले होते?"

"धुतलं," नीराबाई म्हणाली.

"लगेच?"

"लगेच."

"छान केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहून टाकलं.

छान केलंत. हे दोन शब्द नीराबाईच्या उरात माशाच्या काट्यासारखे अडकले. खाली जाईनात, वर येईनात. सव्वा महिना ती त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात राहिली. विनेश होडीवरून उतरला, येऊन बसला, परत गेला, पुन्हा आला. किशोरीच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा दोन्ही बुबुळं दुधात भिजवल्यासारखी पांढरी होती. उजव्यात काहीच नाही. डाव्यात उजेड आणि अंधार कळे, खिडकी कुठे आहे ते कळे, बस. पुढे कधीतरी, कुणाच्या दान केलेल्या डोळ्यावर, शस्त्रक्रिया करून बघता येईल, असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी निकेत आला. सफरचंदं घेऊन आला, किशोरीच्या जवळ बसला, तिला ताई म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. निघताना नीराबाईला खुणेनं बाहेर बोलावलं. सुकटीच्या मांडवाखाली दोघं उभी राहिली.

"मावशी, सरकारी चौकशी लागणार. कंपनीनं लिहून दिलंय, की किशोरीनं चष्मा घातला नव्हता आणि न सांगता पाइपाला हात लावला. तिची स्वतःची चूक."

"आनि तो पाइप? मी तुला दोनदा बोलले ना रं?"

"मला मान्य आहे. पण माझी पण नोकरी आहे." तो पायानं वाळू उकरत राहिला. "तुम्हाला सांगायचं एवढंच, की यंत्रात त्या दिवशी तुमचा अंगठा नाही. कागदावर तुम्ही कामावर नव्हताच."

"तुझ्या डायरीत हाय."

"डायरी साहेबांनी नेली." मग त्यानं आवाज खाली आणला. "मावशी, मी तुमच्या भल्याचं सांगतो. नव्हताच म्हणा. होता म्हणालात, तर डोळे कुठल्या पाण्यानं धुतले, हे विचारतील. मृणाली मॅडमनी मला सांगितलंय. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत."

तो गेला. नीराबाई मांडवाखालीच बसून राहिली. वर सुकट वाळत होती, कावळे टपलेले होते आणि त्यांना हाकलायचं भान तिला राहिलं नाही.

पुढचे चार महिने ती त्या वाक्याशी झोपली आणि त्याच्याशी उठली. नव्हताच म्हणा. किती सोपं होतं! कुणी शोधायला येणार नव्हतं. घरात किशोरी ओट्यावर बसून असे, भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जाई, चहाचा कप दोन्ही हातांनी धरी. सासू तिला न्हाऊ घाली, वेणी घाली, आणि तिच्या मानेवरचा पिळवटलेला डाग दिसला की हात थांबे.

एकदा किशोरी म्हणाली, "आई, माझी चूक म्हणून लिहिलंय ना त्यांनी?"

"तुला कोन बोलला?"

"शेजारणी बोलत होत्या. भिंत पातळ हाय." मग ती म्हणाली, "डोले गेले ते गेले. पन माझी चूक म्हणून लिहू नये. मी पाइपाचं सांगितलं होतं. तुम्ही होतात ना तिथं. तुम्ही सांगा."

"सांगीन," नीराबाई म्हणाली.

चौकशी अलिबागला एका सरकारी कचेरीत होती. पावसाळा संपत आला होता. विनेशनं रिक्षा ठरवली. किशोरीला मध्ये बसवली. साळावच्या पुलाकडून वाहनं येत होती, तिथे रिक्षा थांबली तेव्हा किशोरीनं विचारलं, "खाडी भरलीय का ओहोटी हाय?" विनेश म्हणाला, "भरलीय." बाकी वाटेत कुणी बोललं नाही.

खोलीत लांब टेबल, पंखा, फायलींचे गठ्ठे. चौकशी अधिकारी पन्नाशीचे, सभ्य. एका बाजूला कंपनीचा वकील, निकेत आणि मृणाली. मृणालीनं नीराबाईकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

नीराबाईची पाळी आली. अधिकाऱ्यांनी कागद उलटले. "बाई, नोंदीप्रमाणे त्या दिवशी तुम्ही कामावर नव्हता. मग तुम्ही काय सांगणार?"

शेजारच्या खुर्चीत किशोरी बसली होती, पांढरे डोळे पंख्याच्या दिशेला, हात मांडीवर. नीराबाईनं तिच्याकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिनं त्याला हात लावला नाही.

"साहेब, मी व्हते," ती म्हणाली. आणि मग आपले दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले, उलटे केले. "माझा अंगठा यंत्र घेत न्हाय. बघा. रेशनवाल्याचंबी घेत न्हाय. कॉस्टिकनं खाल्लाय. म्हनून निकेत डायरीत लिवायचा."

निकेतनं खिडकीबाहेर बघितलं. वकील म्हणाला, अशी कुठलीही डायरी कंपनीच्या दप्तरात नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. ट्यूबची पट्टी, दोनदा सांगितलेलं, खिळ्यावरचे खरवडलेले चष्मे, भिंतीवरचं कोरडं भांडं. अधिकारी लिहीत होते. इथे थांबली असती तरी चाललं असतं. कुणी पुढचं विचारलं नव्हतं.

"आनि डोले मी धुतले, साहेब. हौदातल्या पाण्यानं. ते पहिल्या धुलाईचं व्हतं. त्यातबी कॉस्टिक असतो. माझ्या ध्यानात आला न्हाय. ही वरडत व्हती, भाजतंय म्हनून. मी मान धरून धुतली."

विनेश दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला. किशोरी हलली नाही. फक्त मांडीवरचे तिचे हात एकमेकांत गेले आणि बोटं पांढरी होईपर्यंत आवळली गेली.

अधिकाऱ्यांनी मृणालीला विचारलं, "तुम्ही त्या वेळी तिथे होता का?"

मृणाली उभी राहिली. तिच्या चष्म्यावर वाफ आल्यासारखं झालं होतं. "मी प्रयोगशाळेत होते," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही."

येताना किशोरीनं रिक्षात कडेला बसायचा हट्ट केला, सासूच्या बाजूला नको म्हणून. घरी आल्यावर तिनं विनेशला एवढंच विचारलं, की डॉक्टरीणबाईंना फोन करून विचार, चांगलं पाणी असतं तर काय झालं असतं. विनेशनं फोन केला. डॉक्टरीणबाईंनी आधी नाव आणि तारीख विचारली. मग म्हणाल्या, सांगता येत नाही. आधी उडालेलं कॉस्टिकच फार कडक होतं. कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित एक डोळा वाचला असता.

दुसऱ्या दिवशी किशोरीचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

ती सात आठवडे तिकडे होती. विनेश जाऊन येई. नीराबाई कंपनीत परत गेली नाही. तिला कुणी बोलावलंही नाही. ती पुन्हा टोपलीपुढे बसली. पण बोटांना आता कोलंबीची साल नीट लागत नसे, कुठे धरायची ते चुके, काटा रुतला तरी उशिरा कळे. शेजारणी आपली टोपली आधी संपवून हिच्यातली मूठभर उचलून घेत, काही न बोलता. हे तिला सगळ्यात जड जाई.

विनेश आईशी बोलत असे, पण कामापुरतं. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "मी गप राहिले असते तर बरा झाला असता काय रं?"

"मना न्हाय ठावं," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

कार्तिकात किशोरी परत आली. का आली, ते तिनं सांगितलं नाही. माहेरी भावजयीचं बाळंतपण होतं, जागा नव्हती, असंही लोक म्हणाले. ती घरात वावरू लागली, भांडी घासू लागली, तांदूळ निवडण्याऐवजी धुऊ लागली. सासूनं पुढे केलेला हात धरत असे. फक्त आई म्हणायचं तिनं सोडलं. "ऐकलं का," म्हणे, किंवा नुसतं "ओ". नीराबाईनं ते मुकाट्यानं घेतलं.

चौकशीचा अहवाल जानेवारीत आला. जाडजूड पाकीट, चार पानं. विनेश समुद्रावर होता. नीराबाईला वाचायला येत नव्हतं आणि जिला येत होतं तिला दिसत नव्हतं. पाकीट दोन दिवस देवाच्या फळीवर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी दारात मृणाली उभी राहिली.

तिनं नोकरी सोडली होती, असं तिनं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. आत येऊ का, असं विचारलं. किशोरीनं आवाज ओळखला.

"या," ती म्हणाली. "आलाच आहात तर हे वाचा."

मृणाली खाली बसली आणि वाचू लागली. मध्ये मध्ये थांबत होती. शेवटच्या पानावर निष्कर्ष होते. पहिला, अपघातग्रस्त कामगारानं संरक्षक चष्मा वापरला नव्हता. दुसरा, नीराबाई या कामगार अपघाताच्या दिवशी उपस्थित असल्याचा पुरावा आढळत नाही, त्यामुळे पाइपाविषयीचं त्यांचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. तिसरा, त्यांच्याच जबाबानुसार त्यांनी अयोग्य पाण्यानं प्रथमोपचार केल्यामुळे इजेची तीव्रता वाढलेली असू शकते.

बाहेर कुणीतरी हातगाडीवर बर्फ नेत होतं, त्याची चाकं वाजली.

"परत वाचा," किशोरी म्हणाली. "दोन आनि तीन."

मृणालीनं परत वाचलं.

"म्हंजे ती तिथं नव्हतीच," किशोरी सावकाश म्हणाली, "आनि पाणी तिनंच मारला?"

मृणालीनं कागद खाली ठेवला.

"पाइपाच्या येळी नव्हती. भांडं कोरडं व्हता, तेव्हा नव्हती. फक्त पाणी मारायला आली?" तिचा आवाज चढला. दहा महिन्यांत तो असा चढला नव्हता. "हे लिवनारा शिकलेला हाय ना?"

नीराबाई चुलीपाशी बसलेली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"मृणालीताई," किशोरी आवाजाच्या दिशेनं वळली, "तुम्ही तिथं होतात. हौदापाशी कोन वरडला, मना आयकू आलं होतं. माझे कान व्यवस्थित हायत."

मृणाली रडू लागली. घरी धाकटा भाऊ शिकतो, वडील अंथरुणाला आहेत, दुसरीकडे नोकरीसाठी कंपनीचं पत्र लागतं, असं तुटक तुटक बोलत राहिली. किशोरीनं तिला बोलू दिलं. गप्प राहा म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. बोलणं संपल्यावर म्हणाली, "कागद घ्या. मी सांगते ते लिवा. खाली तुमचंबी नाव घाला, न्हायतर जा."

मृणालीनं पिशवीतून वही काढली. किशोरीनं हरकतीचा अर्ज तोंडी सांगितला. ती बारावीला मराठीत पहिली आली होती. अर्ज कसा लिहायचा ते तिला ठाऊक होतं. एकेक वाक्य म्हणायची, मृणालीकडून वाचून घ्यायची, शब्द बदलायची. 'सासूबाईंनी घाईत जवळचे पाणी घेतले, कारण चांगले पाणी जवळ ठेवलेले नव्हते,' हे वाक्य तिनं तीनदा वाचून घेतलं. मग खाली दोघींची नावं. मृणालीनं सही केली. किशोरीची सही वाकडी, ओळीच्या वर गेलेली. नीराबाईपुढे शाईचा डबा ठेवला. तिनं अंगठा बुडवून कागदावर दाबला. उमटला तो नुसता काळा गोल ठिपका, रेघ एक नाही.

"चालंल?" तिनं विचारलं.

मृणालीनं ठिपक्याशेजारी लिहिलं, की कॉस्टिकमुळे या कामगाराच्या बोटांवरील ठसे नाहीसे झाले आहेत, आणि हे मी स्वतः पाहिलेले आहे.

त्या अर्जाला सव्वा वर्ष झालं. पोच आली, फेरचौकशी विचाराधीन आहे, असं एक पत्र आलं, पुढे काही नाही. मृणाली आता महाडकडे एका रंगाच्या कारखान्यात आहे, कंपनीच्या पत्राशिवायच तिथे जमलं. निकेतला दुसरीकडे बदली मिळाली. सालांची कंपनी चालू आहे. तिथे काम करणारी एक बाई सांगत होती, की भिंतीवरच्या हिरव्या भांड्याला आता पाणी येतं आणि चष्मे नवे आणलेत. टेंपो अजून कोळीवाड्यात फिरतो. नीराबाई आपली सालं त्याला देत नाही, माडाला घालते. शेजारणी देतात, त्यांना ती काही म्हणत नाही.

शस्त्रक्रियेसाठी किशोरीचं नाव यादीत आहे. अजून बोलावणं नाही.

ती सासूला अजूनही आई म्हणत नाही. गेल्या शिमग्यात नीराबाईला ताप भरला होता, तीन दिवस उतरत नव्हता. विनेश समुद्रावर. किशोरी रात्रंदिवस उशाशी बसली, आणि कपाळावरची पट्टी बदलताना प्रत्येक वेळी वाटीतलं पाणी आधी आपल्या दोन बोटांत चोळून बघत होती. नीराबाईनं ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. ताप उतरल्यावर त्याबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. सकाळी किशोरीनं भिंतीच्या आधारानं जाऊन चूल पेटवली, चहा ठेवला आणि आतून विचारलं, "ओ, साखर घालू का?"